मुलाखतीच्या तराजूला समान वजने हवीत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचे स्वरूप २०२५पासून पालटले. पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची असे. नव्या रचनेत वर्णनात्मक लेखी परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत. एकूण गुणांतील मुलाखतीचा वाटा ११ टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेला आहे. निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातून, कांदा-द्राक्षाच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर मुलाला पुण्यात अभ्यासाला ठेवणाऱ्या कुटुंबासाठी हा निव्वळ आकड्यांचा खेळ नव्हे. अर्ध्या गुणाने निवड हुकते, तेथे अर्ध्या तासाचे संभाषण वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचे भवितव्य ठरवते.

मुलाखतच नको, असे म्हणणारेही आहेत. कनिष्ठ पदांपुरते ते योग्यच होते. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरून तसे आवाहन केले आणि १ जानेवारी २०१६पासून केंद्राच्या गट क, गट ड व गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद झाल्या. परंतु उद्याचा उपजिल्हाधिकारी पुराच्या रात्री निर्णय कसा घेईल, हे उत्तरपत्रिका सांगत नाही. प्रश्न मुलाखत असावी की नसावी हा नाही. ती कशी घ्यावी, हा आहे.

संरचित मुलाखत हे त्याचे उत्तर होय. पदाला आवश्यक गुण आधी निश्चित करायचे, प्रत्येक उमेदवाराला त्याच स्वरूपाचे प्रश्न विचारायचे, कोणत्या उत्तराला किती गुण याचे कोष्टक ठेवायचे आणि प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. श्मिट व हंटर यांच्या १९९८च्या अभ्यासात आणि सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२च्या फेरमांडणीतही अशी मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा भावी कार्यक्षमतेचा अधिक चांगला अंदाज देते, असे आढळले. कारण उघड आहे. मोकळ्या गप्पांत पोशाख, उच्चार, घराण्याची ओळख यांची छाप पडते. ग्रामीण उमेदवाराचा संकोच अज्ञान ठरतो आणि शहरी सफाई बुद्धिमत्ता ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८१च्या अजय हासिया खटल्यात प्रवेशासाठीच्या मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित व्हाव्यात, असेही सुचवले. १९८५च्या अशोककुमार यादव खटल्यात तर सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सांगितली. या आकड्यांमागचा धोका महाराष्ट्राला परका नाही. २००२ साली आपल्याच आयोगातील गुणांच्या घोटाळ्याने राज्य हादरले होते.

प्रामाणिक माणसे नेमल्याने अर्धेच काम होते. एका मंडळाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आखडता असेल, तर लाच न घेताही अन्याय घडतो. म्हणून आयोगाने मूल्यमापनाचे निकष जाहीर करावेत, मंडळांच्या गुणदानातील तफावत तपासावी आणि ध्वनिमुद्रण सक्तीचे करावे. गुणांचे वजन वाढवणाऱ्याने तराजूची दांडीही समतोल ठेवावी. नापास झालेल्या मुलालाही आपण न्यायाने मागे पडलो, असे वाटले पाहिजे. राज्याच्या प्रशासनावरचा विश्वास तेथूनच सुरू होतो.