आयर्विनला पाणी किती?

पावसाळा भरात आला की सांगलीच्या पेठेत हळदीच्या भावाइतक्याच उत्सुकतेने आणखी एक आकडा विचारला जातो : आयर्विनला पाणी किती? कृष्णेवरचा हा दगडी कमानींचा पूल संस्थानी काळात उभा राहिला. 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. सांगली व सांगलीवाडी यांना जोडणे हे त्याचे मूळ काम. पण काळाच्या ओघात तो साऱ्या शहरासाठी नदीची मोजपट्टी ठरला.

येथे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर धोका मानला जातो. 2005 च्या महापुरात ते 53 फुटांवर गेले होते. पुराचा उच्चांक म्हणून तीच खूण अनेकांच्या मनात पक्की बसली. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र नदीने 57 फूटही ओलांडले आणि गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली गेले. जुन्या खुणेच्या हातभर वर माल रचून निश्चिंत झालेल्या व्यापाऱ्याचा हिशेब अशा वेळी टिकत नाही. भिजलेली हळद पुन्हा वाळवली तरी तिला पहिला भाव येत नाही. गतवर्षीचा तोटा ही पुढच्या तोट्याची मर्यादा नसते, हे वहीखाते सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. नदीच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो.

पुलावरचा आकडा म्हणजे उंबऱ्यावरचे पाणी नव्हे. नदीलगतच्या सूर्यवंशी प्लॉट, काकानगर या वस्त्यांत ते आधी शिरते. पेठेत नंतर येते, आणि पुष्कळदा रस्त्याने नव्हे तर नाल्यांतून उलटे चढते. म्हणून प्रत्येक दुकानाने आपली स्वतंत्र नोंद ठेवावी : आयर्विनला किती फूट असताना आपल्या पायरीला पाणी लागते, तळघर केव्हा रिकामे करावे, दप्तर केव्हा हलवावे, माल उचलायला किती माणसे व किती तास लागतात. पायरीला पाणी लागल्यावर हमालही मिळत नाही आणि टेम्पोही.

ही नोंद आजोबांच्या आठवणीत न राहता वहीत उतरली, तर ती नातवाच्या कामी येईल. पूल पाणी अडवू शकत नाही. वेळेवर सांगणे त्याच्या हाती आहे, ऐकणे पेठेच्या.