न्याहारीचे पथ्य आणि रेशनचे पोते

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत फार दिवस टिकून राहिली. आता ती मोडीत निघाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटी १० लाख आहेत. रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. इतक्या गाद्या या देशात कधीच नव्हत्या. हमाल, सफाई कामगार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बायका सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असतात आणि गोळ्यांबरोबर त्यांच्या पदरात एक उपदेशही टाकला जातो : न्याहारीतले पिष्टमय पदार्थ कमी करा, पोहे, साबुदाणा, पाव, बिस्किटे बंद करा, अंडी, पनीर, बदाम खा.

हा उपदेश शास्त्राला धरून आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे पाऊणशे ग्रॅम पिष्ट असते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. अशा न्याहारीने रक्तातील साखर झपाट्याने चढते आणि अकरा वाजण्याच्या आत पोट पुन्हा कोकलू लागते. मग गोड चहा आणि वडापाव. त्याच परिषदेच्या पाहणीतून २०२५ साली पुढे आलेला निष्कर्ष असा की, भारतीय माणसाच्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. त्यातला थोडा वाटा जरी डाळींच्या वा दुधाच्या प्रथिनांनी घेतला, तरी मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो.

मग कमी पिष्टाची आणि तरीही पोटभरीची न्याहारी महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात नाही काय? आहे, आणि ती परदेशातून आणावी लागत नाही. दोन अंड्यांची भुर्जी १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने देते आणि पिष्ट नाममात्र. मोड आलेल्या मटकीची उसळ पावाशिवाय, हिरव्या मुगाचे धिरडे, पिठले आणि सोबत अर्धीच भाकरी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, कोकणात सुकट : यांपैकी कोणत्याही जोडीने दुपारपर्यंत भूक धरते. कडधान्यांतही पिष्ट असते, त्यामुळे काटेकोर पथ्यवाल्यांच्या तराजूत उसळ उतरणार नाही. पण तिच्यातील प्रथिने आणि तंतू ती साखर सावकाश रक्तात सोडतात, आणि कष्टाच्या शरीराला झेपणारा मध्यममार्ग हाच आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरला न विचारता एकदम पिष्ट तोडणाऱ्याला घेरी येऊन जिवावर बेतू शकते, हेही वस्तीत सांगितले गेले पाहिजे.

तेव्हा पदार्थ ठाऊक नाहीत म्हणून काही अडलेले नाही. अडले आहे ते रेशनच्या दुकानात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे ८० कोटी लोकांना धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. हा हक्क लढून मिळालेला आहे आणि त्याला हात लावू देता कामा नये. परंतु त्या पोत्यात असते काय? तांदूळ आणि गहू. जे फुकट मिळते त्यानेच पोट भरावे लागते, आणि अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे बाजारभावाने विकत घ्यावे लागतात. राज्यसंस्था एका हाताने पिष्टाचे पोते देते आणि दुसऱ्या हाताने पिष्ट खाऊ नका असा कागद देते. या दोन हातांची गाठ कोणी घालावयाची?

याची मुळे जुनी आहेत. हरितक्रांतीने गहू-तांदळाला हमीभाव, पाणी आणि सरकारी खरेदीचे छत्र दिले. कडधान्ये कोरडवाहू शेतकऱ्याच्या नशिबावर सोडली. १९६१ साली दरडोई रोज ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. १९८१ साली तो आकडा ३८ च्याही खाली गेला. पुढे काही सुधारणा झाली, पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेले रोजचे ८५ ग्रॅम डाळी वा अंडी-मांस गरिबाच्या ताटात आजही दिसत नाहीत. पैसा नाही म्हणावे, तर २०२० च्या महामारीत केंद्राने एप्रिल ते नोव्हेंबर दर कुटुंबाला महिना एक किलो डाळ वा हरभरा दिला होता. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश शिधापत्रिकेवर स्वस्त डाळ देतात. फार काय, अन्नसुरक्षा कायद्याच्या १२ व्या कलमातच वाटपाच्या वस्तूंत कालांतराने विविधता आणण्याचा उल्लेख आहे. हा काल सरकारच्या पंचांगात अद्याप उगवलेला नाही.

महाराष्ट्र सरकारचे वर्तन त्याहून लाजिरवाणे आहे. शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. न खाणाऱ्यांसाठी केळे होते. तरीही सोवळ्याने काहूर उठवले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधीच काढून घेतला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. ज्यांच्या घरी बदाम भिजत घातलेले असतात, त्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून ज्यांच्या घरी काहीच भिजत घातलेले नसते त्यांचे एक अंडे हिरावले गेले. उद्या हीच मुले चाळिशीत रांगेत उभी राहतील, तेव्हा त्यांना अंडी खाण्याचा सल्ला देणारा कागद तयार असेल.

दरम्यान बाजाराने या पथ्याचा धंदा मांडला आहेच. बदामाचे पीठ, प्रथिनांची भुकटी, साखरेविना बिस्किटे यांनी दुकाने सजली आहेत, आणि ज्याला ती परवडत नाहीत त्याला जिभेवर ताबा नसलेला ठरवले जाते. पहाटे चारला उठून स्वतःच्या घरचा डबा करून दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला जाणारी बाई रात्रीची चपाती चहात बुडवून खाते, ती लालसेने नव्हे. तिला चूल पेटवायला वेळ नसतो आणि धिरड्याचे मूग भिजवायला डब्यात मूग नसतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, बापजादे भाकरीवरच जगले. जगले, पण त्या भाकरीबरोबर पिठले, हुलग्याचे माडगे, जवसाची चटणी होती, आणि दिवसभर नांगर होता. दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो : हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, कार्यकर्त्यांनी त्यात पडू नये. ज्या चळवळीच्या शिबिरांत सकाळी पोहे, दहा वाजता बिस्किटे आणि चार वेळा साखरेचा चहा दिला जातो, तिने हा आक्षेप घेण्यापूर्वी आपल्याच पन्नाशीतल्या कार्यकर्त्यांची साखर तपासून घ्यावी.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर आल्या. स्वयंपाकघरातील प्रश्न हा राजकारणातील प्रश्न आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आजची मागणी तितकीच साधी आहे. धान्याचा एक दाणाही कमी न करता रेशनवर दर महिना डाळ, कडधान्य आणि तेल द्या. कडधान्याची हमीभावाने खरेदी करा. शाळेतले अंडे सरकारी खर्चाने परत आणा. रुग्णालयात पथ्याच्या कागदाबरोबर ते पथ्य पाळता येईल असा शिधाही द्या. वॉर्डावॉर्डांतील रेशन दुकानांपुढे ही मागणी मांडली गेली पाहिजे. पथ्य सांगणाऱ्या सरकारला ते पुरवायला भाग पाडणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.