चमक मिरवायची की लाकूड वापरायचं?

दिवाळीच्या सुट्टीत पालमला घरी आलात, की रंगरंगोटीचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. भिंती उरकल्या की नजर जाते जुन्या लाकडी कपाटाकडे. मग सल्ले सुरू! कुणी म्हणतं, ‘ऑइलपेंट मार, सगळं झाकून जाईल.’ कुणी म्हणतं, ‘पीयू करून घे, शोरूमसारखं दिसेल.’ माझं म्हणणं एवढंच : जो थर उद्या तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येईल, तोच लावा.

कारण साधं आहे. मराठवाड्यात माळवदाची घरं पाडून स्लॅब पडले. त्या घरांतलं सागवान आता कुठं दारात, कुठं फडताळात, कुठं आजीच्या पेटीत उरलंय. असं मुरलेलं लाकूड आज विकत घ्यायला जा, म्हणजे भाव कळेल. त्यावर रंग फासला की लाकडाच्या रेषा गेल्याच. म्हणून पारदर्शक थर. पण कोणता?

फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख आणि स्पिरीट. नाव फ्रेंच, माल देशी! लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतो. या पॉलिशचा मोठा गुण म्हणजे नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. ओरखडा पडला? तेवढ्याच जागी बोळा फिरवा, झालं. दोषही आहेत. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटतो आणि सॅनिटायझर सांडलं तर थर सुटतो. म्हणून ते पेटीला, कपाटाला, देव्हाऱ्याला द्या.

दुसरा पर्याय जवसाच्या तेलाचा. चटणीतलं जवस तुम्हाला माहीत आहेच. पण लाकडासाठी पेंटच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल घ्या, कच्चं तेल वाळायला फार दिवस लागतात. पातळ हात द्या, जास्तीचं पुसून काढा. आणि हे नीट ऐका : त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा, नाहीतर बाहेर सुटी पसरून वाळवा.

मग मेलामाइन, पीयू वाईट का? अजिबात नाही. रोज पाणी सांडणाऱ्या जेवणाच्या टेबलाला पीयूच बरं. पण ओरखडा खोल गेला तर बहुतेक वेळा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. शिवाय टू-पॅक पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारणी करताना ते फुप्फुसांना घातक. तोंडाला रुमाल बांधून हे काम करायचं नसतं. ते योग्य मास्क वापरणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. आणि पश्चिमेच्या उन्हातल्या दाराला घरातलं पॉलिश टिकत नाही, तिथं उन्हापासून वाचवणारं, बाहेरच्या वापराचं वार्निशच हवं.

थर कुठलाही असो, खरी मेहनत घासण्यात. १२०, मग १८०, मग २२० नंबरचा काचपेपर, तोही रेषांच्या दिशेनं. आडवा घासलात तर पॉलिशखाली प्रत्येक ओरखडा उठून दिसेल. धूळ पुसा, मागच्या बाजूला लपलेल्या जागी आधी थोडं लावून बघा. पावसाळी दमट दिवशी लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, त्यामुळे दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. मात्र जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते.

‘एवढा उपद्व्याप कोण करणार? नवीन प्लायचं घेऊ,’ असं वाटेल. घ्या की! पण त्याची सनमायका निघाली की तुम्ही काय करता? बहुतेक जण भंगारात देतात. सागवानाला मात्र तुमच्या आजोबांनंतर तुम्ही आणि तुमच्यानंतर आणखी कुणी पुन्हा हात देऊ शकतं.

तेव्हा एकदम कपाटाला हात घालू नका. आधी एखादी तिवई घ्या. गावातल्या जुन्या सुतारकाकांना बोळा कसा धरायचा ते विचारा, आणि त्यांचा वेळ घेतलात तर त्याची मजुरीही द्या. हे हातातलं कसब आहे, फुकटात मागायची गोष्ट नाही.