लॉजमध्ये सैतान कोणी आणून बसवला?

फ्रीमेसनरीविषयी बोलताना आपल्यातले काही जाणते कार्यकर्तेही अलीकडे एक विधान सहज करून जातात: लॉजच्या बंद दारांआड सैतानाची उपासना चालते आणि तेथूनच जगाच्या सत्तेची सूत्रे हलतात. पुराव्यादाखल अल्बर्ट पाईक या अमेरिकन मेसनच्या नावावरचा, ल्युसिफरला देव मानणारा एक 'आदेश' पुढे केला जातो. हा आदेश बनावट आहे, आणि ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच चव्हाट्यावर आलेली आहे.

तो लिओ तक्सिल या फ्रेंच लेखकाच्या कारखान्यातला माल. धर्मगुरूंची टवाळी करून पोट भरणारा हा गृहस्थ १८८५ साली अचानक कॅथलिक चर्चला शरण गेला. आदल्याच वर्षी पोप तेरावा लिओ याने मेसनांविरुद्ध धर्मपत्र काढलेले होते, तेव्हा गिऱ्हाईक तयारच होते. तक्सिलने बारा वर्षे सैतानाच्या कथा विकल्या. डायना व्हॉन नावाची एक पश्चात्तापदग्ध सैतानपूजक स्त्रीही त्याने निर्माण केली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात ही बाई प्रकट व्हायची होती. प्रकट झाला तो तक्सिल, आणि सारे थोतांड आपणच रचल्याची कबुली देऊन मोकळा झाला. आमचे मित्र मात्र अजून त्या सभेच्या आदल्या दिवसातच वावरत आहेत!

गूढविद्येच्या उपासकांचा आणि मेसनांचा संबंध नव्हताच, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १८८८ साली निघालेल्या 'गोल्डन डॉन' या इंग्रज गूढपंथाचे वेस्टकॉट, मॅदर्स आणि वुडमन हे तिन्ही संस्थापक मेसन होते. पंथातील पायऱ्या आणि दीक्षाविधी लॉजच्या धर्तीवरच बेतलेले होते. पाईकने आपल्या 'मॉरल्स अँड डॉग्मा' या १८७१ च्या ग्रंथात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याचे पुष्कळ उसने घेतले आहे. पण लॉजमध्ये जादू शिकवली जात असती, तर या तिघांना वेगळी चूल मांडण्याचे कारण काय होते? अलिस्टर क्रौली १९०४ साली पॅरिसमधील ज्या लॉजमध्ये दाखल झाला, तिच्या वरच्या मंडळाला इंग्लंडची ग्रँड लॉज मानतच नव्हती. वस्तुतः गूढवाद्यांना लॉजची प्रतिष्ठा हवी होती. लॉजला त्यांची गरज होती, असे यातून कुठेच दिसत नाही.

आणि पाईकला दोष द्यायला सैतान कशाला हवा? तो गुलामांच्या मालकांच्या बाजूने लढलेला सेनानी होता. २०२० साली वॉशिंग्टनमध्ये निदर्शकांनी त्याचा पुतळा पाडला तो याच इतिहासामुळे.

सैतानाच्या या गोष्टीचा उपयोग कोणाला झाला, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये. फ्रँकोने १ मार्च १९४० रोजी जो दडपशाहीचा कायदा केला, त्याच्या शीर्षकातच फ्रीमेसनरी आणि साम्यवाद एका दावणीला बांधलेले होते. ऑक्टोबर १९७५ मधल्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणातही त्याने मेसन आणि डावे यांच्या कटाचेच तुणतुणे वाजवले. इटलीत मुसोलिनीने १९२५ साली गुप्त संघटनांविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा त्याला संसदेत विरोध करायला उभा राहिला अंतोनिओ ग्राम्शी. मेसनरी ही इटलीतील भांडवलदारांची खरी संघटना आहे, असे त्याचे परखड मत होते. तिच्याविषयी त्याला तिळमात्र ममता नव्हती. पण हा कायदा मेसनांच्या नावाने येतो आहे आणि कामगारांच्या संघटनांवर चालणार आहे, हे त्याने ओळखले होते. संसदेतले त्याचे ते एकमेव भाषण. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात गेला.

याचा अर्थ लॉजला निर्दोष ठरवावे, असा नव्हे. श्रीमंतांनी आणि अधिकाऱ्यांनी बंद दाराआड परस्परांना वचने द्यावीत, ही गोष्ट लोकशाहीला घातकच आहे. तिचा पुरावा हवा असेल, तर तोही इटलीतच आहे. 'पी-टू' या लॉजची ९६२ नावांची यादी १७ मार्च १९८१ रोजी तपासाधिकाऱ्यांच्या हाती लागली. तीत मंत्री होते, सेनापती होते, गुप्तचर खात्यांचे प्रमुख होते, बँकवाले होते. फोर्लानी सरकार त्यापायी कोसळले. ही यादी कुठल्या वेदीखाली सापडली नाही. ती सापडली लॉजचा सूत्रधार लिचो जेल्ली याच्या कपड्यांच्या कारखान्याच्या कचेरीत.