केंद्रकातला जिना

अणूचे केंद्रक म्हणून आम्ही वर्गात फळ्यावर एक ठिपका काढतो. ठिपका तसा फसवाच, कारण आत ऊर्जेचा जिना असतो. पायरीवर थांबता येते, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. कार्बन-१२ ची पहिली पायरी ४.४४ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच. वेगवान प्रोटॉन आदळून तेवढी ऊर्जा देतो. परतणाऱ्या प्रोटॉनची तूट मोजली, त्यातून धक्क्याचा वाटा वजा केला, की ही उंची कळते. वर चढलेले केंद्रक क्षणात गॅमा किरण सोडून खाली येते.

कर्करोगावरचा प्रोटॉन उपचार आता खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात होतो. प्रोटॉन गाठीत थांबला की पुढच्या निरोगी भागात शिरला, हे शरीरातल्या कार्बनच्या याच किरणांवरून ओळखण्यासाठी जगभर संशोधन चालू आहे.