जपानी कार्टून बघून मूल रडतं, म्हणून ते आजारी ठरत नाही

"डॉक्टर, हा रात्री दोन वाजेपर्यंत जपानी कार्टून बघतो आणि रडतो. याला डिप्रेशन तर आलं नाही ना? मोबाईल काढून घेऊ का?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर एकदा लिहूनच टाकतो. व्हॉट्सॲपवरही असे मेसेज फिरत असतात: ही कार्टून्स मुलांच्या डोक्यात उदासी भरतात, लगेच बंद करा. माझं मत याच्या अगदी उलट आहे. बहुतेक वेळा मूल आधी एकटं पडलेलं असतं आणि मग ते या मालिकांकडे वळतं. मोबाईल काढून घेतलात तर मालिका जाईल, एकटेपणा तसाच राहील. शिवाय त्याबद्दल तुमच्याशी बोलायची मुलाची उरलीसुरली इच्छाही संपेल.

आधी हे काय असतं ते समजून घ्या. जपानी ॲनिमे म्हणजे फक्त मारामारी नव्हे. त्यात एक मोठा प्रकार उदास, हळव्या गोष्टींचा आहे. रिकामं रेल्वे स्टेशन, पाऊस, न पाठवलेला मेसेज, वर्गात कुणाशीच न बोलणारा मुलगा. 'फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड' (२००७) मध्ये दोन मुलं एकमेकांपासून लांब राहायला जातात आणि हळूहळू दुरावतात, एवढीच गोष्ट आहे. 'अ सायलेंट व्हॉइस' (२०१६) मधल्या मुलाला माणसांच्या चेहऱ्यांवर फुल्या दिसतात, कारण तो कुणाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' या मालिकेतला सतरा वर्षांचा मुलगा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, व्यावसायिक खेळाडू आहे. आईवडील आणि बहीण अपघातात गेलेत, नदीकाठच्या खोलीत तो एकटा राहतो. नदीपलीकडच्या तीन बहिणी त्याला घरी बोलावून जेवू घालतात. त्या मालिकेत औषध असेल तर ते गरम भाताची वाटी हेच आहे.

आता सांगा, यात मुलांना बिघडवणारं काय आहे?

१९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा आपल्या आयाबहिणी रुमाल घेऊन थिएटरात गेल्या, ओक्साबोक्शी रडल्या आणि मोकळ्या होऊन घरी आल्या. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. त्याही आधी जात्यावर दळता दळता बायका माहेरच्या आठवणींच्या ओव्या म्हणायच्या. सासरी ज्या गोष्टी बोलता येत नसत त्या दळणात बोलता येत. दुःखाची गोष्ट सुरक्षित अंतरावरून अनुभवणं ही माणसाची जुनी सवय आहे. गोष्टीतला मुलगा रडतो म्हणून मलाही रडता येतं, आणि मी का रडतोय याचा जाब कुणी विचारत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी हे फार मोलाचं असतं, कारण त्या वयात स्वतःच्या दुःखाला नाव देता येत नाही आणि घरी सांगितलं तर "तुला काय कमी आहे?" हे उत्तर ठरलेलं असतं. (आणि ॲनिमेला नाकं मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या पालकांनो, १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर जो मोगली तुम्ही डोळे लावून पाहिलात तोही जपानी ॲनिमेच होता.)

मी नंदुरबार जिल्ह्यात रुग्ण तपासतो, म्हणून इथलंच उदाहरण देतो. नर्मदाकाठचं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवा, असं १९९४ साली जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेला बजावलं, त्या जाहीरनाम्यालाच 'मणिबेली जाहीरनामा' नाव दिलं गेलं. गावाचं नाव असं जगभर गेलं. गाव मात्र फुटलं. काही कुटुंबं गुजरातेत पुनर्वसन वसाहतीत गेली, काही वर डोंगरात सरकली. तिथल्या मुलांसाठी आंदोलनातून उभी राहिलेली जीवनशाळा आहे, पण ती लहान वर्गांपुरती. पुढच्या शिक्षणासाठी या भागातली मुलं आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जातात, मोलगी, अक्कलकुवा, नंदुरबार, जिथे जागा मिळेल तिथे. दहा-बारा वर्षांचं मूल, घरची भाषा भिली, शाळेची मराठी, आणि घरी फोन लावावा तर कित्येक पाड्यांवर रेंज नाही. या मुलाला एकटेपणाची गोष्ट आवडली तर नवल कसलं? गोष्ट जपानची असली तरी दुखणं त्याच्या ओळखीचं असतं.

"एकटेपणा हे श्रीमंतांचं खूळ, आपल्याकडे माणसं भरपूर" असं म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२५ चा अहवाल बघावा. जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर कमी उत्पन्नाच्या देशांत २४ टक्के आहे. खोलीत वीस खाटा असल्या म्हणून एकटेपणा जात नाही. हवी तशी जवळीक आणि मिळते ती, यांतलं अंतर म्हणजे एकटेपणा.

अशीच एक अकरावीतली मुलगी, नर्मदाकाठच्या गावातली, वसतिगृहात राहणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मामा घेऊन आले होते. तक्रार अशी की अभ्यासात लक्ष नाही, सारखी पडून असते, मोबाईलवर जपानी चित्रं बघून रडते. वसतिगृहात सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं: मोबाईलचं वेड. मी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन ८. आमच्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ती तपासणीही करावीच लागते. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन चालत नाही. थकवा रक्ताचा होता, आणि तो मोबाईलच्या नावावर महिनोन्महिने खपवला गेला होता. मालिकेला दोष देण्यातला खरा धोका हाच आहे. दोष देऊन झाला की पुढे कुणी तपासत नाही.

रडण्याबद्दल तिला विचारलं. म्हणाली, "त्यातल्या मुलाला कुणीतरी जेवायला बोलावतं, तेव्हा रडू येतं." दिवाळीनंतर ती घरी गेली नव्हती. मामांना म्हटलं, हिचे वडील बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये येतात ना? मग त्या दिवशी ठरलेल्या वेळी फोन. रक्ताच्या गोळ्यांइतकंच हे नेमाने करायचं. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. मामांना ते विचित्र वाटलं असावं. पण 'हायडी' या १९७४ च्या जुन्या जपानी मालिकेतही डोंगरातून शहरात आणलेली पोर झोपेत चालायला लागते, तेव्हा डॉक्टर औषध देत नाहीत, घरी पाठवा म्हणतात. त्या डॉक्टरांचं निदान मला आजही पटतं.

म्हणजे काळजीचं काहीच नाही का? आहे. पहिली झोप. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा आणि पुढचा आपोआप सुरू होतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते; रोज चार-पाच तास झोपणारं मूल मालिका न बघताही चिडचिडं आणि रडवेलं होईल. तेव्हा बघण्यावर बंदी नको, रात्रीची वेळ ठरवा आणि मोबाईल उशाशी नको. दुसरं, रडून झाल्यावर काय होतं ते विचारा. मोकळं वाटत असेल तर चिंता नाही. प्रत्येक वेळी अधिकच जड वाटत असेल, तेच तेच मनात घोळत असेल, तर लक्ष द्या. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास, आवडत्या गोष्टीतही रस नाही (मालिकेतसुद्धा!), भूक-झोप बिघडलेली, "मी कुणाच्या कामाचा नाही" अशी भाषा, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं. मग डॉक्टर हवाच.

तरुण वाचकांनाही एक सांगतो. गोष्टीतला नायक एकटा आणि म्हणून खास असतो. खऱ्या आयुष्यात एकटं राहून कुणी खास होत नाही. आणि यातल्या काही गोष्टींत, 'अ सायलेंट व्हॉइस'मध्येही, आत्महत्येचे प्रसंग आहेत. मन आधीच खचलेलं असेल त्या दिवसांत त्या बघू नका.

पालकांनो, मरणाचे विचार येतात का, हे मुलाला सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. आश्रमशाळांच्या आणि वसतिगृहांच्या गृहपालांनी तो मुलांच्या खोल्यांत, दाराच्या आतल्या बाजूला लावावा. ऑफिसातल्या फलकाजवळ उभं राहून कुणी मूल तो उतरवून घेणार नाही.