झटका मशीनची बॅटरी आणि तिचा चार्जर



तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला, की बोरच्या जंगलालगत सेलू-कारंजाकडच्या गावांतून एकच विचारणा होते, "साहेब, झटका मशीन कोणती घ्यावी?" मशीन मागाहून पाहू. आधी बॅटरी आणि चार्जर पाहा. बॅटरी मध्यरात्री बसली, की कुंपण म्हणजे नुसती तार. रोही-रानडुकरांना ते लवकर उमगते.

हिशेब सोपा आहे. मशीन किती ॲम्पिअर घेते ते तिच्या पट्टीवर लिहिलेले असते. समजा ०.३ असेल, तर रात्रीच्या १४ तासांत ४ ॲम्पिअर-तासांहून थोडे जास्त खर्च होतात. १२ व्होल्ट, २६ ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरली तर तीन रात्री निघतात. निम्म्याखाली वरचेवर उतरवू नका, आयुष्य घटते.

चार्जर बॅटरीच्या दहाव्या हिश्शाचा घ्यावा, म्हणजे इथे अडीच-तीन ॲम्पिअरचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर या लहानीला लावला तर ती उकळते. १४.४ व्होल्टच्या आसपास आपोआप थांबणारा चार्जर असावा. चार पैसे जास्त पडले तरी पडू द्या. लिथियम बॅटरी असेल तर तिचाच चार्जर लागतो, दुसरा चालत नाही. सोलर पॅनेल असेल तर मध्ये कंट्रोलर हवाच. पण झडीच्या दिवसांसाठी घरी एक विजेचा चार्जर असू द्या.

आता मुख्य गोष्ट. चार्ज करताना बॅटरी कुंपणापासून सोडवून घरी आणा. हलक्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर घरची २३० व्होल्ट वीज थेट तारेत उतरू शकते. मशीनचा झटका क्षणाचा असतो, दोन झटक्यांच्या मध्ये माणूस हात काढून घेतो. लाइनची वीज मात्र अखंड वाहते, मूठ आवळते आणि सुटत नाही. म्हणून आकडा टाकून किंवा मोटरच्या पेटीतून कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे. पहाटे त्या धुऱ्यावरून शेजारी जातो, नाहीतर आपलेच पोर.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. चूल, बिडी लांब ठेवा. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचे नको. चार्जर काढल्यावर काही तासांनी मीटर लावा. १२.६ दिसले तर बॅटरी भरली; १२ च्या खाली असेल तर तशीच ठेवू नका, त्याच दिवशी पुन्हा लावा.

इतके करूनही झटका मंद वाटला तर आधी तारेला टेकलेले गवत कापा आणि अर्थिंगच्या सळईपाशी दोन बादल्या पाणी ओता. माघात आपली काळी जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंग धरत नाही.